कंट्रोल-सीला न जुमानणारे काम

युनिक्सच्या बाल्यावस्थेत टर्मिनल म्हणजे खडखडणारे टेलिटाइप यंत्र. ‘टीटीवाय’ हे नाव त्याचेच. एकाच टर्मिनलवर दोन कामे चालू असता कळफलकावरचे अक्षर कोणी घ्यावे? १९७९ च्या बॉर्न शेलचा तोडगा ओबडधोबड होता: ‘&’ लावून मागे धाडलेल्या कामाला इनपुट म्हणून ‘डेव्ह-नल’ ही सदैव रिकामी फाइल मिळे आणि व्यत्ययाचा संकेत ते मानीत नसे.

पुढे ऑस्ट्रियात जिम कल्प यांनी जॉब कंट्रोल रचले, बर्कलीच्या सी शेलने रुजवले. टर्मिनलचा ताबा एका वेळी एकाच गटाकडे. इतर कोणी वाचू पाहिले, की ते काम थांबवले जाते. खरा उपाय हाच. तरीही १९८८ च्या पॉसिक्स मानकाने तो ऐच्छिकच ठेवला! स्क्रिप्टमध्ये जॉब कंट्रोल सहसा बंद असते. तेथे बॅश आजही तोच जुना तोडगा वापरतो आणि मागे धाडलेले काम कंट्रोल-सी दाबूनही चालूच राहते.