शास्त्रीजींची फियाट

गाडी घ्यावी की नको, याचा हिशेब आज आपण हप्ता, पेट्रोल आणि पार्किंग यांवर मांडतो. आता १९६४ साल बघा. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले, पण घरची मोटार नव्हती. सरकारी मोटार दाराशी असे. पण ती सरकारच्या कामाची, असं ते मानत. म्हणजे फायद्याची बाजू स्पष्ट होती: घरच्या कामाला घरची गाडी.

आणि खर्च? फियाटची किंमत १२ हजार, बँकेत शिल्लक ७ हजार. उरलेल्या ५ हजारांसाठी देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढलं! त्या काळी फियाट गाड्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनत.

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले. कर्ज मात्र राहिलं. ते ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आज दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात उभी आहे.

आपणही किंमत लिहितो, व्याज लिहितो. आपण नसलो तर हप्ते कोण भरणार, हा रकाना मात्र कोराच सोडतो. गाडी जरूर घ्यावी. पण आधी तो भरावा.