वात, भ्रम आणि डिलिरियम : स्ट्रोकनंतर हरवलेलं भान

आजचा विषय दोन हजार वर्षं जुना आहे, पण सुरुवात माझ्या घरातून करतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेत दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी ते नीट बोललेही. आम्हाला हायसं वाटलं. तिसऱ्या रात्री मात्र ते सलाईनची नळी ओढायला लागले. मला म्हणाले, "बैल बांधलेस का रे?" बैल विकून वीस वर्षं झाली होती. सकाळी पुन्हा माणूस ठीक. आत्या म्हणाली, "वात झालाय." कुणी म्हणालं, "वय झालं, चालायचंच." नंतर दोन दिवस ते गप्प पडून राहिले आणि आम्हाला वाटलं, चला, शांत झोपतायत. तिथेच आम्ही चुकलो. लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, आणि ते गप्प राहणं हासुद्धा त्याच भ्रमाचा भाग होता.

या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. शब्द लॅटिन आहे, आणि आजोबांना लगेच कळला असता असा आहे. मूळ अर्थ काय, तर नांगराने तास सोडणं. तास म्हणजे घड्याळातला नव्हे, शेतातला. सरळ चाललेला नांगर भरकटला, तसं मन भरकटलं. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने हा शब्द वैद्यकात वापरला.

त्याच्याही आधी ग्रीक वैद्यांकडे दोन शब्द होते. फ्रेनायटिस म्हणजे ताप, बडबड, अंथरुणाची चिमटी धरून ओढत राहणं. लेथार्गस म्हणजे सुस्त, गप्प, प्रतिसाद नाही. त्यांच्या लेखी हे दोन वेगळे आजार. आज आपण म्हणतो की डिलिरियमचीच ही दोन रूपं आहेत, आणि एकाच माणसात ती आलटून पालटून दिसू शकतात.

आपल्याकडे बघा. चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांची यादी आहे. त्यात पक्षवध आहे, म्हणजे अर्धं अंग लुळं पडणं. त्याच यादीत अतिप्रलापही आहे, म्हणजे बरळणं. म्हणजे आत्याचा शब्द काही हवेतून आलेला नव्हता. अर्थात कारण म्हणून वात आज टिकत नाही, पण या दोन गोष्टी लोकांच्या नजरेत फार आधीपासून होत्या.

मग अडलं कुठे? स्ट्रोकचा अभ्यास पुढे गेला. १६५८ मध्ये योहान याकोब वेप्फर या स्विस डॉक्टरने मृतदेह तपासून दाखवलं की असा झटका मेंदूत रक्तस्राव झाल्याने येऊ शकतो. पुढे कुठली जागा बिघडली की काय जातं, याचे नकाशे तयार झाले. हात गेला, वाचा गेली, हे नकाशावर दाखवता येत होतं. भ्रम दाखवता येत नव्हता, कारण तो सकाळी नसतो आणि रात्री असतो. राउंडला डॉक्टर येतात सकाळी! आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा बगला फार घाबरतो. दाखवायला जावं तेव्हा तो नेमका दिसत नाही.

१९५९ मध्ये जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमानो या अमेरिकन डॉक्टरांनी मेंदूच्या लहरींच्या आलेखांवरून एक मांडणी केली. भ्रम वाढतो तशा लहरी मंदावतात, भ्रम ओसरला की त्या सुधारतात. किडनी कमी पडते तसा इथे मेंदूच कमी पडतोय, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हा स्वभावाचा किंवा वयाचा प्रश्न नाही, एक अवयव अडचणीत आहे.

१९७६ मध्ये मेसुलम आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची नोंद छापली. त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती, आणि समोर दिसत होता तो मुख्यतः अचानक आलेला गोंधळ. म्हणजे भ्रम हे स्ट्रोकचं पहिलं लक्षणही असू शकतं. घरात कुणी अचानक असंबद्ध वागायला लागलं तर सकाळची वाट बघायची नाही, ती याच कारणासाठी.

इथे आणखी एक गुंता आहे. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दाखवलं की मेंदूचा एक भाग बिघडला की माणूस भरभर बोलतो, पण त्याला अर्थ नसतो. तो भाषेचा बिघाड, डिलिरियम नव्हे. फरक ओळखायची खूण म्हणजे लक्ष. डिलिरियममध्ये लक्ष टिकत नाही आणि अवस्था तासातासाला बदलते.

मग प्रमाण किती? १९९१ मध्ये स्वीडनच्या उमिओमधल्या अभ्यासात स्ट्रोकच्या १४५ रुग्णांपैकी ४८ टक्क्यांना असा भ्रम झाल्याचं आढळलं. पुढे २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा आकडा साधारण चारात एक असा आला. आणि परिणाम? २०१२ मध्ये १० अभ्यासांतल्या २,००४ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. डिलिरियम झालेल्यांमध्ये रुग्णालयातच मृत्यू होण्याची शक्यता, ऑड्सच्या भाषेत, ४.७ पट होती. मुक्काम सरासरी नऊ दिवसांहून जास्त लांबला. घराऐवजी शुश्रूषा केंद्रात जाणारेही जास्त.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा सगळा दोष डिलिरियमचा असं म्हणता येत नाही. ज्याचा झटका मोठा, त्याला भ्रमाचा धोकाही जास्त. पण विचार करा, फिजिओथेरपिस्ट म्हणतो "डावा पाय उचला", आणि ते वाक्य संपेपर्यंत रुग्णाचं लक्षच टिकत नाही. मग व्यायाम कसा होणार? पहिले मोलाचे दिवस असेच निघून जातात.

चांगली गोष्टही आहे. १९९० मध्ये शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी डिलिरियम ओळखायची सोपी पद्धत छापली. १९९९ मध्ये त्यांनीच येलमध्ये सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवरचा अभ्यास मांडला. हे रुग्ण फक्त स्ट्रोकचे नव्हते, पण उपाय ऐका : चष्मा आणि कानातलं यंत्र लावणं, पाणी पाजणं, लवकर चालवणं, रात्री झोपू देणं, आज वार कुठला आणि आपण कुठे आहोत हे सांगत राहणं. एवढ्यावर डिलिरियमचं प्रमाण १५ वरून ९.९ टक्क्यांवर आलं.

२०११ मध्ये एडिनबरामधून ४एटी नावाची चाचणी आली. दोन मिनिटांत होते. त्यात एक प्रश्न असतो : महिने उलटे म्हणा, डिसेंबरपासून. आणखी एक प्रश्न असतो : हा बदल अचानक झालाय का? आणि त्याचं खरं उत्तर नर्सकडेही नसतं. माणूस कालपर्यंत कसा होता हे फक्त घरच्यांना माहीत असतं.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी कॉटशेजारी तुम्ही बसाल तेव्हा रात्री काय झालं ते मोबाइलवर लिहून ठेवा, वेळेसकट. सकाळच्या राउंडला स्पष्ट सांगा, "डॉक्टर, हे काल असे नव्हते." आरडाओरडा असेल तर सांगाच, पण अचानक गप्प झाले असतील तरी सांगा. इन्फेक्शन, एखादं औषध, तुंबलेली लघवी, दुखणं, असं बरं करता येणारं कारण बऱ्याचदा सापडतं.

आजोबा घरी आले, काठी घेऊन अंगणात फिरले. बैलांचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मला मात्र ते दोन शांत दिवस अजून आठवतात.

हा भाग घरातल्या मोठ्यांना ऐकवा, त्यांचा चष्मा कुठे ठेवलेला असतो तेही विचारून ठेवा. भेटू पुढच्या भागात!