खेकड्याचे पाय

'कर्करोग' या शब्दातला कर्क म्हणजे खेकडा. तो रोगाच्या नावात कसा शिरला हे शोधू लागलो, की आपण स्तनाच्या गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्यांपाशी येऊन पोहोचतो. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्य या रोगाला 'कार्किनोस', म्हणजे खेकडाच, म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनने त्याचा खुलासा केला: स्तनातील गाठीच्या दोन्ही अंगांना फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. निरीक्षण अचूक होते. मात्र त्या शिरांत काळे पित्त साचते, हे त्याचे मत चुकीचे होते, आणि तेच हजाराहून अधिक वर्षे टिकले.

गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या धावत येतात, हे एडविन गोल्डमन यांनी 1907 मध्ये नोंदवले, पण त्यांची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. खरे वळण आले ते 1960 नंतर, अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा येथील प्रयोगशाळेत. ज्यूडा फोकमन हा तरुण शल्यविशारद तेथे रक्ताला पर्याय शोधत होता. शरीराबाहेर जगवलेल्या सशाच्या कंठग्रंथीत त्याने कर्कपेशी सोडल्या. गाठी मिलिमीटर-दोन मिलिमीटरपर्यंत वाढल्या आणि थबकल्या. त्याच पुन्हा उंदरात रोवल्या, तर झपाट्याने फोफावल्या. फरक होता रक्तवाहिन्यांचा. गाठ स्वतःच संदेश धाडून वाहिन्या बोलावते आणि त्या रोखल्या तर ती उपाशी राहील, असे त्याने 1971 मध्ये मांडले. अनेक वर्षे त्याची अवहेलना झाली, तरी तो ढळला नाही. हा चिवटपणा मला त्याच्या सिद्धान्ताइतकाच मोलाचा वाटतो.

संदेश नेणारे प्रथिन हाती लागायला 1980 चे दशक उजाडावे लागले. 1983 मध्ये ड्वोरॅक आणि सेंगर यांना वाहिन्या झिरपायला लावणारे एक प्रथिन सापडले. 1989 मध्ये फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारे प्रथिन वेगळे केले. दोन्ही एकच निघाली! 1991 मध्ये वाइडनर आणि फोकमन यांनी दाखवले, की स्तनाच्या ज्या गाठींत वाहिन्यांची दाटी अधिक, त्या अधिक पसरलेल्या आढळतात. मात्र या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. त्यांतून औषधही नीट पोहोचत नाही. म्हणूनच त्या तोडण्याऐवजी काही काळ सुधाराव्यात, असा उलटा विचार कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या राकेश जैन यांनी 2001 मध्ये मांडला. फोकमन जानेवारी 2008 मध्ये वारले. पुढच्याच महिन्यात बेव्हॅसिझुमॅब या वाहिनीरोधक औषधाला अमेरिकेत पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली. त्याने गाठीची वाढ काही महिने लांबवली, पण रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये तेथील औषध प्रशासनाने ही मान्यता काढून घेतली.