संगणकाच्या पोटात संगणक

पनवेलहून उरणकडे जाताना जासई लागते. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये या परिसरातले शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले.

तिथल्या एक बाई मुलांकडून 'आपल्या गावाचा इतिहास' हा प्रकल्प करून घेत होत्या. एका विद्यार्थ्याच्या घरी एक जुनी सीडी सापडली. २००२ च्या सुमारास घरातल्या कुणीतरी इंटरनेटवरची काही मराठी पाने, जमिनींविषयीची आणि आंदोलनाविषयीची, तिच्यावर साठवून ठेवली होती. बाईंनी ती शाळेच्या संगणकावर उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि मधूनच पौंडाचे चिन्ह! "सर, सीडी खराब झाली का हो?" असे विचारायला त्यांचा फोन आला.

मी त्यांना पानाचा फोटो पाठवायला सांगितला. त्या गोंधळात एकच गोष्ट नीट वाचता येत होती, ती म्हणजे आकडे. १९८४ हे साल इंग्रजी आकड्यांत स्वच्छ दिसत होते. सीडी खराब असती तर आकडेही बिघडले असते. म्हणजे मजकूर शाबूत होता, बिघाड वाचणाऱ्याच्या बाजूला होता. हे असे का होते आणि यावर उपाय काय, याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

पान नव्हे, पाककृती

आपण 'वेबपान' म्हणतो खरे, पण ते छापील पानासारखे नसते. पुस्तकाचे पान छापखान्यात एकदा ठरते आणि सर्वांना सारखेच दिसते. वेबपान म्हणजे केवळ सूचनांची यादी: इथे मथळा द्या, हा मजकूर अमुक रुंदीच्या चौकटीत बसवा, अक्षरे अमुक फॉन्टमध्ये दाखवा. त्या सूचना वाचून पान तयार करण्याचे काम आपल्या संगणकातला ब्राउझर करतो. पाककृती एकच, पण प्रत्येक घरची आमटी वेगळी, तसाच हा प्रकार.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. १९९३ मध्ये मोझॅक, १९९४ च्या अखेरीस नेटस्केप आणि ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात तेव्हा जोरदार स्पर्धा लागली होती. दोघेही आपापल्या ब्राउझरला नवनव्या सूचना शिकवत, आणि एकाच सूचनेचा अर्थही कधी कधी वेगळा लावत.

एक उदाहरण घेऊ. चौकटीची रुंदी ३०० ठिपके, आत दोन्ही बाजूंना २०-२० ठिपक्यांची मोकळी जागा आणि ५-५ ठिपक्यांची कड, अशी सूचना आहे. चौकट एकूण किती जागा घेईल? प्रमाण नियमानुसार ३००, ४० आणि १० मिळून ३५०. इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती मात्र ३०० या आकड्यातच सगळे बसवत असे. अशा तीन चौकटी शेजारी शेजारी मांडल्या की दोन ब्राउझरांत तब्बल १५० ठिपक्यांचा फरक! एकात नेटके दिसणारे पान दुसऱ्यात विस्कटे, तिसरी चौकट घसरून खाली जाई.

मराठीचे दुखणे

इंग्रजी पान विस्कटले तरी वाचता येई. मराठीत प्रश्न वाचता येण्याचाच होता.

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर, हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले. जगातल्या सर्व लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. परंतु घरोघरच्या संगणकांत आणि ब्राउझरांत देवनागरी युनिकोड नीट दिसू लागायला पुढे दहा वर्षे गेली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये 'मंगल' हा फॉन्ट होता, आपल्या मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला. पण देवनागरीची सोय बहुधा मूळ सीडी घालून वेगळी चालू करावी लागे.

मधल्या काळात मराठी मंडळींनी युक्ती काढली. रोमन अक्षरांचे क्रमांक तेच ठेवायचे, फक्त त्या जागी देवनागरीचे आकार काढलेला फॉन्ट वापरायचा. शिवाजी, किरण अशा फॉन्टांनी हेच केले. जागा मोजक्या आणि जोडाक्षरे भरपूर, म्हणून कित्येक फॉन्टांत अक्षरांचे तुकडे केलेले असत. अर्धा 'प' वेगळा आणि त्याचा काना वेगळा. पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकायची. फॉन्ट असेल तर पान मराठी, नसेल तर ती नुसती रोमन अक्षरांची भेळ. आकड्यांच्या जागी मात्र आकडेच ठेवलेले असत. जासईच्या पानावर १९८४ वाचता आले ते त्यामुळे. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला तर तिसरीच निरर्थक भाषा दिसे.

प्रत्येक वाचकाने फॉन्ट उतरवून घ्यावा ही अपेक्षा व्यवहार्य नव्हती. १९९७ च्या सुमारास यावर तोडगा निघाला: पानाबरोबरच फॉन्टही पाठवायचा. याला 'डायनॅमिक फॉन्ट' म्हणत. पण इथेही मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी आणि नेटस्केपची वेगळी. नेटस्केपच्या २००० सालच्या नव्या आवृत्तीने तर आपली जुनी पद्धत सोडूनच दिली. २००४ मध्ये फायरफॉक्स आला, त्याला यातली एकही पद्धत कळत नव्हती. म्हणून कित्येक मराठी संकेतस्थळे केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये वाचता येत.

तपासायचे कशावर?

आता संकेतस्थळ तयार करणाऱ्याची अडचण पाहा. आपले पान प्रत्येक ब्राउझरच्या प्रत्येक आवृत्तीत कसे दिसते, हे त्याला तपासायला हवे. पण इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजमध्ये असा गुंफलेला होता की एका विंडोजवर त्याची एकच आवृत्ती नांदे. ऑक्टोबर २००६ मध्ये सातवी आवृत्ती आली, ती बसवली की सहावी गेली. लाखो वाचक मात्र अजून सहावीच वापरत होते. मग काय, प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा संगणक विकत घ्यायचा?

याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच शोधलेले होते, पण निराळ्याच कारणासाठी. १९६० च्या दशकात एकेक संगणक खोलीभर मोठा आणि अतिशय महाग असे. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात एका यंत्राची अनेक 'आभासी' यंत्रे करण्याची प्रणाली घडवली गेली आणि १९६७ मध्ये ती कामाला लागली. प्रत्येकाला वाटे, अख्खा संगणक आपलाच आहे! १९७२ मध्ये आयबीएमने ही सोय व्हीएम/३७० या नावाने ग्राहकांना देऊ केली. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात आभासी यंत्र.

हे कसे जमते? शाळेची प्रयोगशाळा डोळ्यांपुढे आणा. प्रयोगशाळा एक, वर्ग अनेक. प्रत्येक वर्गाला फळी क्रमांक १, २, ३ दिलेल्या आहेत. आठवीची फळी १ म्हणजे प्रत्यक्षात सतरावी, नववीची फळी १ म्हणजे तिसावी. याची नोंद फक्त परिचराच्या वहीत. वर्गांना एकमेकांच्या वस्तू दिसतही नाहीत. साधी कामे विद्यार्थी स्वतः करतात. पण आम्लाच्या कपाटाला हात लावला की घंटा वाजते, परिचर येतो, हवे तेवढे आम्ल काढून देतो आणि काम पुढे चालू होते. आभासी यंत्रांवर देखरेख ठेवणारी आज्ञावली हा तो परिचर. बहुतेक साध्या आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, त्यामुळे वेग फारसा कमी होत नाही. यंत्राचा ताबा बदलू शकणाऱ्या आज्ञा मात्र अडवल्या जातात आणि परिचर त्या सांभाळून पार पाडतो.

यासाठी प्रत्येक धोकादायक कपाटाला घंटा हवी, ही अट पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ साली नेमकेपणाने मांडली. घरगुती संगणकांतला इंटेलचा प्रोसेसर इथे नापास होत होता. त्याच्या पेंटियममध्ये घंटा न वाजवता वेगळाच परिणाम करणाऱ्या १७ आज्ञा होत्या. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने वाट काढली. तिचा परिचर विद्यार्थ्याची प्रयोगवही आधीच वाचतो आणि अशा पायऱ्या खोडून त्या जागी सुरक्षित पायऱ्या लिहितो. त्यांचे पहिले उत्पादन १९९९ मध्ये आले. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच घंटांची सोय केली. २००७ मध्ये विनामूल्य मिळणारा व्हर्च्युअलबॉक्सही आला.

ब्राउझर तपासणाऱ्यांना याचा मोठाच आधार झाला. एकाच संगणकात तीन-चार आभासी यंत्रे, प्रत्येकात वेगळी विंडोज आणि वेगळा ब्राउझर. अख्खे यंत्र म्हणजे डिस्कवरची एक फाइल, बिघडले तर जुनी प्रत पुन्हा उघडायची. २००६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनेच सहाव्या इंटरनेट एक्सप्लोररसह तयार आभासी यंत्र तपासणीसाठी विनामूल्य देऊ केले. स्वतःचाच जुना ब्राउझर जपायला कंपनीला अशी तजवीज करावी लागली!

पुन्हा जासईला

बाईंच्या सीडीसाठी आम्ही तेच केले. एका जुन्या संगणकाबरोबर आलेली परवान्याची विंडोज एक्सपीची सीडी होती. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती बसवली, सहावा इंटरनेट एक्सप्लोरर उघडला, पान उघडले. तरीही भेळच! मुले हिरमुसली.

कारण शोधायला वेळ लागला. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत फॉन्टची फाइल ठरावीक संकेतस्थळाच्या पत्त्याला बांधता येत असे, कुणी ती उचलून दुसरीकडे वापरू नये म्हणून. मूळ संकेतस्थळ केव्हाच बंद झालेले. सीडीवर फॉन्ट होता, पण तो पान ओळखायला तयार नव्हता. शेवटी गावातल्या एका टंकलेखन करणाऱ्या गृहस्थांच्या जुन्या संगणकावर तोच मूळ फॉन्ट मिळाला. तो आभासी यंत्रात बसवला आणि पान उघडले. गावांची नावे, गेलेल्या जमिनींचे तपशील, आंदोलनाची हकिगत, सारे मराठीत.

मग मुलांनी तो मजकूर युनिकोडमध्ये आणला. त्यासाठी रूपांतर करणाऱ्या आज्ञावली मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी इथे त्या हमखास चुकतात. म्हणून एका बाजूला आभासी यंत्रातले जुने पान आणि दुसऱ्या बाजूला नवा मजकूर ठेवून ओळ अन् ओळ ताडून पाहिली. एका ठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर गेल्याने माणसाचे आडनावच बदलले होते. ज्या नोंदी पुढे पुरावा म्हणून वाचल्या जातील, त्यांत अशी चूक लहान नसते. जुने यंत्र इथे साक्षीदारासारखे उपयोगी पडले.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली आणि इंटरनेट एक्सप्लोररही १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. असे जुने यंत्र चालवताना त्याची इंटरनेट जोडणी बंदच ठेवावी. तसेही त्याला आजची सुरक्षित संकेतस्थळे बहुतेक उघडता येत नाहीत. त्याचे काम जुने वाचणे एवढेच. सुमारे १९९७ ते २००९ या काळातला पुष्कळसा मराठी मजकूर अजून अशा सीडींवर आणि जुन्या डिस्कांवर पडून आहे. शाळेच्या कपाटात अशी सीडी असेल तर टाकू नका, आणि जुन्या संगणकातले फॉन्ट पुसण्याआधी त्यांची एक प्रत ठेवा.

वर्गात करून पाहा

युनिकोड आले म्हणून हा प्रश्न कायमचा संपला असे नाही. फळ्यावर तीन गोष्टी लिहा: 'ॲसिड', 'सुऱ्या' आणि रुपयाचे चिन्ह ₹. त्या एका फाइलमध्ये टंकून शाळेतल्या व घरातल्या जुन्यात जुन्या फोनवर आणि संगणकावर उघडायला सांगा. कुठे अक्षराऐवजी चौकोन दिसतो, कुठे 'सुऱ्या'मधला अर्धा र तुटतो, याचा तक्ता मुलांना करू द्या. मग कारण शोधा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. रुपयाचे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि युनिकोडमध्ये ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आले. मग ज्या यंत्राचे फॉन्ट त्याआधीचे आहेत, त्यावर काय दिसायला हवे? मुलांनी आधी अंदाज लिहावा, नंतर यंत्र उघडावे.