वस्त्रसक्ती आणि आश्रय

धर्माच्या नावाने स्त्रियांवर किंवा पुरुषांवर ठरावीक पेहराव लादणारा कायदा मोडल्यास छळ होईल, या भीतीने परदेशात मागितलेले संरक्षण.

रेवदंड्याला हा विषय परका नाही. १७४० पर्यंत इथला कोट पोर्तुगीजांकडे होता आणि गोव्याच्या धर्मन्यायालयाचा अधिकार इथवर चाले. त्या न्यायालयाने १७३६ च्या फर्मानाने एतद्देशीय ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी वापरण्यास मनाई केली. म्हणजे बाटल्यावरही कपड्यांवरची नजर हटली नाहीच. धर्मन्यायालयाच्या जाचामुळे अनेक गोवेकर कारवार-मंगळूरकडे गेले. तेव्हा अर्जबिर्ज नव्हता, सरहद्द ओलांडली की झाले.

आता कागद लागतात. १९५१ च्या निर्वासित करारात छळाची पाच कारणे आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. त्यांत लिंग नाही, म्हणून असे दावे बहुधा धर्म किंवा सामाजिक गटाच्या आधारे लढवले जातात. अमेरिकेतील फातिन खटल्यात (१९९३) इराणी स्त्रीचा दावा फेटाळला गेला. सक्तीचा चादोर (अंगभर झाकणारा इराणी पेहराव) तिच्या श्रद्धांना असह्य आहे, हे न्यायालयाला पटले नाही. निकष कडकच म्हणायचा.

४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने अफगाण स्त्रियांबाबत लिंग आणि राष्ट्रीयत्व एवढेच पाहणे पुरेसे ठरू शकते, असा निर्णय दिला. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही.