राजा रत्नागिरीत, दागिने लंडनला

मी लंडनला एकटी निघाले, याचं घरच्यांना आश्चर्य वाटलं. त्याहून जास्त आश्चर्य वाटलं ते मी बकिंगहॅम पॅलेस सोडून एक रस्ता बघायला निघाले याचं. एक्झिबिशन रोड. 1851 च्या महाप्रदर्शनात जो नफा झाला, त्यातून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली आणि तिथे हा रस्ता आखला. मला मात्र हवं होतं 1886. त्या साली ‘कलोनियल अँड इंडियन’ प्रदर्शन इथेच भरलं होतं, आणि रत्नागिरीकराला ते साल वेगळ्याच कारणाने पाठ असतं.

1 जानेवारी 1886 ला इंग्रजांनी ब्रह्मदेश खालसा केल्याचं जाहीर केलं. एप्रिलमध्ये तिथल्या थिबा राजाला राण्यांसकट आमच्या किनाऱ्यावर आणून उतरवलं. आणि 4 मे रोजी अल्बर्ट हॉलमध्ये व्हिक्टोरिया राणीने प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. टेनिसनचं गीत झालं, त्याला चाल सलिव्हनची. राष्ट्रगीताचं दुसरं कडवं चक्क संस्कृतात म्हटलं गेलं, भाषांतर मॅक्सम्युल्लरचं. त्याच वर्षी रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले रामकृष्णपंत भांडारकर व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले होते. एक रत्नागिरीचा विद्यार्थी मानाने युरोपात, एक राजा कैदेत रत्नागिरीत. असं वर्ष पुन्हा आलं नसेल.

प्रदर्शनाला सुमारे 55 लाख लोक आले. हिंदुस्थानच्या विभागात नुसत्या वस्तू नव्हत्या, माणसंही होती. विणकर, कुंभार, सोनार असे कारागीर लोकांसमोर बसून काम करत. त्यांतल्या बहुतेकांनी ही कामं आग्र्याच्या तुरुंगात शिकलेली. तिकिटाच्या जाहिरातीत हे कोण लिहिणार? बक्शीराम नावाचा कुंभार शंभरी ओलांडलेला असल्याचं सांगत. राणीने स्वोबोडा नावाच्या चित्रकाराकडून या कारागिरांची चित्रं काढून घेतली. ती आजही राणीच्या ऑस्बोर्न हाउसच्या भिंतींवर आहेत. सरकारी कामावर गेलेले बंगाली गृहस्थ त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी नंतर प्रवासवर्णन लिहिलं. प्रदर्शन बघायला आलेले लोक आपल्यालाच कसे टक लावून बघतात, हे त्यांनी त्यात मिश्कीलपणे नोंदवलंय. मला त्या पुस्तकातलं हेच सगळ्यात आवडतं. जत्रेत पाळण्याकडे बघावं तसं लोक माणसाकडे बघत होते, आणि हा माणूस त्यांची दखल घेत होता!

प्रदर्शनाचे मांडव कधीच गेले. त्याच्या यशातून उभी राहिलेली इम्पीरियल इन्स्टिट्यूटची भव्य इमारतही पाडली. उरला तो फक्त क्वीन्स टॉवर. मी मान वर करून बघितला, बरा आहे. मग शेजारच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेले.

थिबाच्या मंडालेच्या राजवाड्यातली राजचिन्हं युद्धाची भरपाई म्हणून इंग्रजांनी घेतली होती, ती पुढे याच म्युझियममध्ये येऊन पडली. थिबासाठी रत्नागिरीत चिरा आणि सागवान वापरून राजवाडा बांधला तो 1910 साली. 1916 च्या डिसेंबरात थिबा रत्नागिरीतच वारला. सिंहासनाभोवतीच्या ज्या वस्तूंमध्ये तो वाढला, त्या तिकडे इंग्रज शाळकरी पोरं रांगेने बघत होती, आणि इकडे त्याला परवानगीशिवाय गाव सोडायची मुभा नव्हती.

माणकं जडवलेल्या, हंसाच्या आकाराच्या सोन्याच्या भांड्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले. एकटीने फिरण्याचा हा फायदा. ‘चला, बस सुटेल’ म्हणणारं कोणी नसतं. 1964 साली ब्रिटनने ही राजचिन्हं ब्रह्मदेशाला परत केली. त्यातलं हे एक भांडं मात्र बर्मी सरकारने म्युझियमला भेट दिलं. ज्याने लुटलं त्याचे आभार मानायची ही रीत मला अजून पचलेली नाही. पण कदाचित ती आपल्याहून शहाण्यांची रीत असेल.

थिबाची नात टूटू तेव्हा रत्नागिरीतच होती. थोरल्या राजकन्येची ही मुलगी इथेच वाढली, मराठी बोलली, इथल्याच माणसाशी लग्न करून साध्या घरात संसार केला आणि 2000 साली इथेच वारली. आजोबांच्या घरचे दागिने परत मिळाले तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती. ते गेले रंगूनला.