मामांचा बंगला आणि माल्कमसाहेब

आमच्या मामांचा महाबळेश्वरला बंगला होता. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी वापरले आहे, माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा, आणि त्याचा परिणाम नेहमी चांगलाच झाला आहे. पुढे सौ.ने तो प्रत्यक्ष पाहिला तेव्हा "हे आउटहाउस झालं, बंगला कुठाय?" एवढंच विचारलं. दोन खोल्या, एक पडवी, जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, आणि परसदारी टाचा उंचावून उभे राहिले तर झाडांच्या फटीतून दिसणारे वेण्णा तलावाचे चार बोटे पाणी, एवढा तो ऐवज. त्या चार बोटांच्या जोरावर मामांनी फाटकावर 'सरोवर-दर्शन' अशी पाटी लावली होती.

एप्रिलमध्ये हा बंगला उघडायला आम्ही पंधरा-सोळा माणसे हजर असायचो. जूनमध्ये तो बंद करायला मात्र कुणाला सवड नसायची. १९७९ साली मामांची कंबर धरली आणि ती कामगिरी माझ्याकडे आली. मी तेव्हा पुण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवीत होतो. "नाहीतरी तू होऊन गेलेल्याच गोष्टी सांगतोस, त्या दोन दिवस उशिरा सांगितल्यास तर काय बिघडतं?" असे म्हणून मामांनी किल्ल्यांचा जुडगा आणि सूचनांचे चार फुलस्केप कागद माझ्या हाती ठेवले. गाद्यांच्या वळकट्या करून खाटांवर ठेवाव्यात, भिंतीला टेकवू नयेत. मिठाची बरणी कुणाला तरी देऊन टाकावी, नाहीतर ऑक्टोबरात बरणीत नुसते पाणी मिळते. कुलपांना तेल द्यावे. पश्चिमेच्या भिंतीवरचा फोटो (मामा, कलेक्टरसाहेबांच्या हस्ते कप स्वीकारताना) जागेवरून हलवू नये, काच निखळते. आणि शेवटी लाल पेन्सिलीने, खाली दोन रेघा मारून : 'पश्चिमेच्या भिंतीची झड दुहेरी. विसरू नये.' त्याखाली मामींच्या अक्षरात : 'स्कायलॅबचे काय?'

तरुण वाचकांसाठी सांगायला हवे. त्या वर्षी अमेरिकेची एक अवकाश-प्रयोगशाळा आकाशातून खाली येत होती आणि ती नेमकी कुठे पडणार, हे अमेरिकेलाही सांगता येत नव्हते. मामींच्या मते ती पडायला 'सरोवर-दर्शन'इतकी मोकळी जागा दुसरी नव्हती.

झड म्हणजे काय, हे महाबळेश्वरच्या माणसाला सांगावे लागत नाही. आपल्याला लागते. तिथला पाऊस दोनशे इंचांच्या वर जातो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये एकाच दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, म्हणजे पुण्याला सबंध वर्षात जेवढा मिळतो त्यातला बराचसा. बरे, तो वरून पडला तर छत्री तरी उघडता येईल. तो कोकणातून घाटमाथा चढून येतो आणि आडवा मारतो. जांभा दगड दिसायला मर्दानी, पण स्वभावाने स्पंज. तेव्हा पावसाआधी वळचणीपासून जमिनीपर्यंत बांबूच्या काठ्यांवर गवताचे जाड पडदे बांधून भिंती झाकाव्या लागतात. हीच ती झड. शेतात माणूस इरले पांघरून बसावा तसा बंगला मग चार महिने गवतात तोंड खुपसून बसतो.

हे काम आबा करीत. आबा आमचे राखणदार. मामांच्या आधी ज्यांचा बंगला होता त्यांच्याकडे आबांचे वडील झड बांधीत. मी पोचलो तेव्हा आबा शिडीवर होते, खाली गवताचे भारे आणि सुंभाची वेटोळी पडली होती. मी मदतीला म्हणून उभा राहिलो, दोनदा शिडी पाडली, आणि मग आबांच्याच विनंतीवरून पडवीत वाचत बसलो. शाळेच्या ग्रंथालयातून मी सातारा जिल्ह्याचे १८८५ सालचे जाडजूड गॅझेटियर आणले होते. महाबळेश्वरचा इतिहास महाबळेश्वरात बसून वाचावा, अशी एक हौस.

त्यात साहेब डोंगर चढून येतो. १८२४ मध्ये साताऱ्याच्या फौजेवरचे लॉडविकसाहेब पहिल्यांदा आले. मग १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आले, त्यांना हवा मानवली, आणि पुढच्या वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह करून वाईकडचे खंडाळा गाव देऊन त्यांनी हा डोंगर घेतला. पेठेला नाव पडले माल्कमपेठ. हे माल्कमसाहेब घरे बंद करून देण्यातले जुने जाणकार. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला सालीना आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला पाठवून पेशव्यांच्या घराला कुलूप लावले ते यांनीच. ज्यांनी डोंगर दिला त्या प्रतापसिंहांना कंपनीने १८३९ मध्ये गादीवरून उतरवले आणि काशीला नेऊन ठेवले. १८४७ साली ते तिथेच वारले. त्यांच्या जागी धाकटे भाऊ अप्पासाहेब आले. १८४२ मध्ये वेण्णेचे पाणी अडवून तलाव बांधला तो यांनी. ज्याच्या चार बोटांवर आमची पाटी उभी होती, तो हाच. १८४८ मध्ये अप्पासाहेब गेले, मरताना घेतलेला दत्तक डलहौसीसाहेबांनी नामंजूर केला, आणि साताऱ्याचेही घर बंद झाले. तलाव तेवढा उरला.

वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. महाबळेश्वरचा इतिहास साहेबाने लिहिला तो एप्रिल-मेचा. पुढे मुंबईचे सरकारच उन्हाळ्यात इथे येऊन बसायचे, आणि जून लागला की फायली, पट्टेवाले, मडमा, पियानो यांच्यासकट घाट उतरून पुण्याला जायचे. नंतर तिथे गणेशखिंडीत त्यांनी एक टोलेजंग घर बांधले, त्यात आज विद्यापीठ आहे. म्हणजे डोंगराचे चार महिने इतिहासात जवळजवळ नाहीतच. देवाचे देऊळ काही जूनमध्ये पुण्याला जात नव्हते. गुरव होते, जावळीच्या खोऱ्यातली गावे होती. पण पॉइंट झाले ते येऊन-जाऊन असणाऱ्यांचे. बेकविथसाहेब १८३१ मध्ये इथे वारले म्हणून सिडनी पॉइंट, पुढे तोच बदलून लॉडविक पॉइंट. सिंदोळ्याचा झाला विल्सन पॉइंट. मलायाकडून आणून तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी इथे बटाटे आणि भाज्या पिकवल्या, तर त्यांनासुद्धा एक धबधबा मिळाला, चायनामन फॉल्स. झड बांधणाऱ्याच्या नावाचा साधा नळही नाही.

हे विचार मला फार मौलिक वाटले आणि मी ते आबांना मोठ्याने सांगू लागलो.

"मास्तर," आबा शिडीवरून म्हणाले, "ते मग वाचा. आधी तिकडं बघा."

प्रतापगडाच्या अंगाला आभाळ शाईच्या दौतीसारखे झाले होते. तलावावर नावाडी नावा ओढून काठाला उपड्या घालत होते. मघापर्यंत निळे असलेले पाणी पाटीच्या दगडासारखे दिसू लागले. वारा एकदम पडला, आणि बांधून झालेल्या झडीतली एक काडीही हलेना. मामांच्या चार कागदांत या शांततेबद्दल एकही सूचना नव्हती.

तीन भिंती झाल्या होत्या. पश्चिमेची राहिली होती. मी कोट काढून सुंभ हातात घेतला आणि कामात गोडी यावी म्हणून विचारले, "आबा, तुमच्या घराची झड झाली असेल ना?"

"हुईल की."

"कधी?"

"तुमचं झालं की."

दरवर्षी असेच असते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. आधी बंगल्याची, मग उरल्या गवतात स्वतःची. "औंदा गवात कमी गावलं. आन् लेक बाळंतपणाला आलीया. बारा दिस झालं." सुंभ कमी पडतोय हे सांगावे, तशा आवाजात त्यांनी हे सांगितले.

मी पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिले. आत, तिच्या पलीकडे मामा कप स्वीकारत होते. खाली दुहेरी झडीचे भारे पडले होते. आबांचे घर तलावापलीकडच्या उताराला, दहा मिनिटांवर.

"आबा, हे उचला," मी म्हटले.

"आवं, मामासाब काय म्हंतील?"

"मामांना मी इतिहास सांगेन."

आबा जरा वेळ तसेच उभे राहिले. मग दोन भारे उचलून चालायलाच लागले. मी एक घेतला. भारा डोक्यावर कसा घ्यावा हे मला माहीत नव्हते. मी तो पोटाशी धरला, आणि पोचेपर्यंत निम्मे गवत बाजारपेठेच्या रस्त्याला अर्पण केले. दुसऱ्या खेपेला ते गोळा करत आलो. गॅझेटियर सदऱ्यात खुपसले होते, ते काढून ठेवायचे भान राहिले नाही.

आबांच्या घराची पश्चिमेची बाजू म्हणजे कुडाची भिंत, शेणाने लिंपलेली. आबा बांधत होते, त्यांची कारभारीण आतून काड्यांची टोके ओढून घेत होती, आणि मी शिडी धरून होतो. या वेळी ती पाडली नाही. शेवटच्या तीन गाठी राहिल्या असताना पहिला सपाटा आला. पाऊस नव्हे, पाण्याची फळीच. मी समोर पाहिले तर तलाव नाही, झाडे नाहीत, आबांचे पायही नाहीत, नुसती शिडी. वरून आवाज आला, "सोडू नका, मास्तर!" सोडायला मला हात सापडायला हवे होते.

आत गेलो तेव्हा चूल पेटली होती. बाळ झोपले होते. एवढ्या गडगडाटात ते झोपले कसे, हे मी विचारले तर लेक म्हणाली, "पावसातलंच हाय ते." मला गुळाचा चहा मिळाला. मिठाची बरणी तिथेच देऊन टाकली, मामांची तेवढी एक सूचना तंतोतंत पाळली गेली. गॅझेटियर मात्र भिजून दोन खंडांएवढे झाले होते, त्याचे शाळेने माझ्या पगारातून अकरा रुपये कापले.

स्कायलॅब ११ जुलैला पडले, काही हिंदी महासागरात आणि काही पश्चिम ऑस्ट्रेलियात. ऑक्टोबरात आम्ही सगळे बंगला उघडायला गेलो. तीन भिंती कोरड्या होत्या. पश्चिमेच्या भिंतीवर आतून हिरवी मखमल उगवली होती आणि फोटोतले कलेक्टरसाहेब संपूर्ण नाहीसे झाले होते. कप आणि मामांचे कोपर एवढेच उरले होते. मामा बराच वेळ त्या कोपराकडे बघत राहिले.

"इथली झड दुहेरी होती ना रे?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोच मामी पुढे झाल्या. "मी सांगत नव्हते? स्कायलॅब! एवढा हादरा बसल्यावर भिंती फुटायच्या नाहीत तर काय होईल?"

ऑस्ट्रेलियात पडलेल्या वस्तूने महाबळेश्वरच्या भिंतीला ओल येते की नाही, यावर इतिहासाचा शिक्षक म्हणून मी मत देण्याचे टाळले. आबा बाहेर कोयत्याने झडी सोडवीत होते. त्यांनी वर पाहिले नाही.